पोलीस यायचे तर घर लागतं

ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा असतो. वर्षभर तिथं राहायचं, फिरायचं, आणि खर्च निघावा म्हणून मिळेल ते काम करायचं. वयाची एकतीस वर्षं भरली की दार बंद. आपल्याकडून अर्ज इतके जातात की चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. मला शाळेत कधी उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नव्हतं, आणि इथं माझं नाव लागलं. तेही एकतीस भरायला आली असताना, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

मी तेव्हा मालाडच्या एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून परदेशातल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे. तिकडे चेरीच्या बागांत फळं तोडायला माणसं लागतात असं वाचलं होतं. आई म्हणाली, गावाला आपले काजू पडून असतात, त्यांचे बोंडू वेचायला कधी वाकली नाहीस, आणि आता परक्याची फळं तोडायला समुद्र ओलांडणार. तिचं खरं होतं. पण मला फळांचं काही पडलेलं नव्हतं. मला एक वर्ष अशा जागी राहायचं होतं, जिथं भेटेल तो माणूस ‘तुमच्या बिल्डिंगचं काय झालं?’ असं विचारणार नाही.

बिल्डिंगचं झालं ते असं. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. आईच्या बांगड्या मोडून बाबांनी घेतलेलं, आणि बाबा गेले तेही त्याच घरात. मग पुनर्विकासाची टूम निघाली, सगळ्यांनी सह्या केल्या, घरं रिकामी केली. बिल्डरने इमारत पाडली, खड्डा खणला, भोवती पत्रे ठोकले आणि काम थांबवलं. तो भाडं द्यायचा, पुढे तेही बंद झालं. आई आणि मी जोगेश्वरीला एका खोलीत राहायला गेलो होतो, ते तिथंच राहिलो.

घरं सोडताना सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रत्येकाला बजावलं होतं की एकही कागद हलवायचा नाही. आधार, रेशनकार्ड, बँक, मतदारयादी, सगळीकडे जुनाच पत्ता ठेवायचा. पत्ता बदलला की तुम्ही इथले नाही, आणि इथले नाही तर नव्या इमारतीत तुम्हाला घर नाही. हे त्यांना कुणी सांगितलं, कायद्यात असं काही आहे का, कुणी विचारलं नाही. आईने तर ते व्रतासारखं पाळलं. जोगेश्वरीच्या खोलीचा करारसुद्धा तिने मामाच्या नावावर करायला लावला, उगाच आपलं नाव दुसऱ्या पत्त्याला चिकटायला नको म्हणून. मी तेव्हा हसले होते. कागदपत्रांचं सोवळं, असं म्हणाले होते.

नाव लागलं की ठरावीक मुदतीत व्हिसाचा अर्ज भरायचा असतो, आणि त्याला पोलिसांचा दाखला लागतो, या बाईवर कुठला गुन्हा नाही असा. पासपोर्ट ऑफिसात अर्ज केला. माझे सगळे कागद एकाच पत्त्याचे, एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. खिडकीतल्या बाई खूश झाल्या. असं नीटनेटकं फार कमी लोक आणतात म्हणाल्या. मीही खूश झाले, गाढवासारखी. पुढचा टप्पा मला माहीत नव्हता असं नाही, पण मी तो मनाशी धरलाच नव्हता. दिलेल्या पत्त्यावर पोलीस घरी येऊन बघतात.

घाटकोपरहून हवालदारांचा फोन आला. उद्या सकाळी येतो, घरी थांबा, दोन शेजारी साक्षीला ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शेजारी कुणी बदलापूरला, कुणी गावी, असे पांगले होते. त्यामुळे आम्ही दोघीच मेट्रोने घाटकोपरला गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. पिशवीत चहाचा थर्मास, स्टीलचे पेले आणि डब्यात खोबऱ्याच्या वड्या. हे कशाला, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाली, घरी येणाऱ्या माणसाला तसंच पाठवायची पद्धत आपल्यात नाही. आम्ही पत्र्यांच्या बाहेर फुटपाथवर उभ्या राहिलो. मला इतकी लाज वाटत होती की कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून मी पत्र्याकडे तोंड करून उभी होते.

हवालदार मोटरसायकलवरून पुढे निघून गेले, वळून परत आले, आणि मग त्यांनी फोन लावला. मी समोरूनच हात वर केला. उतरून त्यांनी घर कुठंय विचारलं. आईने वर बोट केलं. आवारातला नारळ बिल्डरने का कोण जाणे, ठेवला होता.

“त्या झावळ्या आहेत ना साहेब, त्याच्या बाजूक आमची खिडकी. तिसरो मजलो.”

हवालदारांनी खरोखर वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं. मग त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला, एक वडी खाल्ली, पत्र्यांचा फोटो काढला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला कुणी तरी मिळालं असतं.

ते मला म्हणाले, “मॅडम, मी काय लिहू? हवेत राहते म्हणून लिहू?” जोगेश्वरीची खोली मामाच्या नावावर आहे हे मी सांगितल्यावर आवाज खाली आणून त्यांनी वाट सांगितली. मी सध्या इथं राहत नाही, जोगेश्वरीला राहते, असं दोन ओळींत लिहून द्यायचं. मामाला तिकडे उभं करायचं, तो सांगेल भाची माझ्याकडे राहते म्हणून. कागद तिकडच्या ठाण्यात पाठवतो, मुदतीच्या आत होऊन जाईल. खिशातलं पेनही त्यांनी काढून दिलं.

मी पेन हातात घेतलं. घेतलं होतं, एवढं नक्की. माझी मान हलली असावी, कारण आई पुढे आली. तिच्या एका हातात थर्मासचं झाकण होतं, दुसऱ्यात उष्टा पेला.

“तेवढा लिवन देव नको गो,” ती म्हणाली. “बाकी कायपण कर.”

मला तिचा संताप आला. त्या पत्र्यावर डोकं आपटावंसं वाटलं. माझं एक वर्ष, माझं स्वतःचं असं एकमेव वर्ष, या बाईने एका खड्ड्यापायी अडवून धरलं होतं. आणि तरी मी पेन परत केलं. ती ओरडली असती, रडली असती तर मी लिहिलं असतं. ती नुसती बघत होती. त्या घरात राहत नाही असं तिच्यासमोर लिहायला माझा हात चालेना.

हवालदारांनी लिहिलं ते बरोबरच होतं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. नंतर मी एकटीच जोगेश्वरीच्या ठाण्यात जाऊन आले. तिथं माझ्या नावाचा एक तरी कागद दाखवा म्हणाले. नव्हता. मुदत गेली, वाढदिवसही आला. आईने शिरा केला आणि मी तो खाल्ला.

पत्रे अजून आहेत, गंजलेत. झावळ्या वाळल्यात, कुणी काढत नाही. सेक्रेटरी आता मुलाकडे पुण्याला असतात, आणि त्यांनी आपलं आधार कधीच तिकडे बदलून घेतलं असं कळलं. हे मी आईला सांगितलेलं नाही.

परवा बँकेतून कागद पुन्हा द्या असा निरोप आला. आम्ही दोघी मेट्रोने घाटकोपरच्या त्याच जुन्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर बघत विचारलं, पत्ता तोच आहे ना? आई उत्तर द्यायला पुढे झुकली, पण तिच्या आधी मीच म्हणाले, “तोच.”