साडू घर बघायला जातात

बंगळुरात घरं विकणारे पुष्कळ, आणि घेणारे त्याहून जास्त. पण विकायला काढलेलं घर परत मालकाच्याच पदरात घालून येणारा माणूस या शहरात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. साडू मूळचे निपाणीकडचे, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपाच्या कारखान्यात सुपरवायझर. बसवनगुडीत एकाच भाड्याच्या घरात त्यांचा निम्मा संसार झाला. मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यानं जागा परत मागितली आणि साडू घर घ्यायला निघाले. सोबत मी. माझ्याकडे गाडी होती, एवढीच माझी लायकी.

लोक घर बघताना भिंतींची ओल बघतात, नळाला पाणी किती येतं ते विचारतात. साडू माणसं बघत. दारात चपला काढायच्या, सोफ्यावर मांडी ठोकायची आणि पहिला प्रश्न टाकायचा, "एवढं चांगलं घर, विकताय कशाला वो?" हा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला, कन्नडात विचारला आणि महादेवपुऱ्यात पाटण्याच्या एका इंजिनिअरला अशा काही हिंदीत विचारला, की त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्यावर चौकशीच बसली. त्याची बायको गरोदर होती आणि त्याला दुसऱ्या गावी नोकरी मिळत होती. "बाळंतपण होऊ दे की हितंच," साडू म्हणाले, "शेजारीण चांगली आहे, मी येताना बोललोय तिच्याशी." आठवड्याभरात त्यानं घराची जाहिरात काढून टाकली.

एका घराचे मालक दोघे भाऊ होते. एकमेकांशी बोलणं बंद. जे काही बोलायचं ते ब्रोकरमार्फत. साडूंनी विचारलं, "बोअर मारली तेव्हा पाणी लागलेलं आधी कुणी बघितलं?" दोघेही एकदम "मी!" म्हणाले. त्यावरून भांडले, भांडता भांडता हसले आणि दुसरी कॉफी येईपर्यंत एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. ब्रोकर बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. "सर, तुम्ही घर घ्यायला आलाय की भांडण मिटवायला?" "दोन्ही जमलं तर वाईट काय?" साडू म्हणाले. त्यानंतर त्या ब्रोकरनं आमचा फोन कधी उचलला नाही.

इकडे बसवनगुडीतल्या घरमालकानं रंगारी बोलावले होते, आणि त्यांनी बाहेरच्या भिंती घासायला सुरुवातही केली होती. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती एक दिवस भडकली. "लोकांची घरं राखताय! आपण काय बसस्टॉपवर संसार मांडायचा?"

"अगं, ज्याला विकायचंच नाही त्याचं घर घेतलं, तर झोप लागंल का आपल्याला?"

"झोपायला आधी घर तर पाहिजे!"

शेवटी आम्ही एका निवृत्त शिक्षिकेचा छोटा फ्लॅट बघायला गेलो. बाई बेळगावच्या, एकट्या. साडूंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी हातातला कप शांतपणे खाली ठेवला. "हे गेल्यापासून मी एकटीपुरता कुकर लावते. बोलायला कुणी नसतं. मला लेकीकडं जायचंय. आता तुम्ही मला अडवू नका."

साडू उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चक्क नळ सोडून बघितला. असं मी पहिल्यांदाच बघत होतो. हेच घर, हे मला तेव्हा कळलं.

मग वकिलानं मागचे सगळे कागद चाळले, पालिकेतली घराची नोंद, म्हणजे इथला 'खाता', तपासला. बँकेचं कर्ज मात्र थोडं लांबलं, कारण तिथले मॅनेजर स्वतः भाड्यानं राहतात असं कळल्यावर साडूंनी आधी त्यांनाच घर घेण्याविषयी सल्ला दिला. नोंदणीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आमचा नंबर आला, तशी साडूंना पुन्हा उबळ आली. "बाई, अजून सही झालेली नाही. स्वल्प विचार करा." अक्कानं त्यांना असा चिमटा काढला की क्लार्कनंही वर बघितलं. बाई हसल्या आणि त्यांनी सही करून यंत्रावर अंगठा टेकवला.

किल्ली द्यायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी एकदा वर जाऊन येऊ?" साडू पटकन म्हणाले, "विचारताय काय, घर तुमचंच आहे." आम्ही खाली सामानाच्या टेंपोपाशी थांबलो. हमाल कुरकुरायला लागले, तसे साडू चहा सांगून आले. बऱ्याच वेळानं बाई उतरल्या, किल्ली अक्काच्या हातात ठेवत म्हणाल्या, "स्वयंपाकघरातली खिडकी जाम होते. थोडी उचलून ओढा," आणि रिक्षात बसल्या.

आम्ही वर गेलो. घर झाडून पुसून स्वच्छ होतं आणि उंबऱ्यापाशी ताजी रांगोळी घातलेली होती. अक्का दारातच थबकली. मागून हमाल कपाट घेऊन येत होते. साडूंनी हात करून त्यांना जिन्यातच थांबवलं, चपला काढल्या आणि जन्मभर खड्या आवाजात बोललेला तो माणूस, आत कुणी निजलं असावं तसा, हळूच म्हणाला, "रांगोळीच्या बाजूनं या रे."