पोटऱ्यांवरचं वजन

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात मी लालबागच्या एका चाळीत राहायचो आणि उकाड्यामुळे गॅलरीत झोपायचो. कोपऱ्यातल्या खोलीतले एक मालवणी गिरणी कामगार रात्रभर तिथे फेऱ्या मारायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आडवं झालं की त्यांच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू व्हायची आणि चाललं की थांबायची. झोपलेल्या कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून ते भिंतीला हात लावून चालायचे.

एकदा मी विचारलं, “काका, यावर काही औषध नाही?”

“होतां,” ते म्हणाले. “माझो झील पोटऱ्यांवर उभो रवायचो. मगे झोप लागायची.”

त्यांचा झील, म्हणजे बारा वर्षांचा मुलगा, मोर्चा बघायला गेला आणि गोळीबारात मारला गेला, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“मी उभा राहू?”

“तू जड रे. तो हलको होतो.”

मग मी त्यांना माझ्या अंथरुणावर आडवं केलं आणि त्यांचे पाय चेपू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले, श्वासही संथ झाला. पण माझ्या हातांखाली पाय वळवळतच होते. मला थांबता यावं म्हणून ते झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. मी हळूच हात काढून घेतले.