उद्याशेठची शिलाई

गल्लीत एकच मोची होता, पण त्याला मोची कुणी म्हणतच नसे. "उद्या देतो" हे त्याचं पालुपद, म्हणून सगळे उद्याशेठ म्हणायचे. एकाला लग्नाचे जोडे पहिलं मूल चालायला लागल्यावर मिळाले, असं लोक शपथेवर सांगत. तरी गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे, कारण त्याचा टाका एकदा बसला की बसला. बायको त्याच्या मागे बसून दोऱ्याला मेण लावायची. मेण लावलेला दोरा पाण्याला दाद देत नाही.

एके दिवशी इंग्रजांच्या चौकीवरून तळ शिवायला बुटांचा ढीग आला. पलटण नदी ओलांडून डोंगरावर निघाली होती. डोंगरात बंडखोर होते, बायकामुलांसकट, आणि त्यांत उद्याशेठच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यांना खिंडीपलीकडे सरकायला थोडा वेळ हवा होता, तेवढाच नव्हता.

"अगं, ती कोपऱ्यातली कुजक्या दोऱ्याची गुंडी आण," नवरा म्हणाला. "आणि मेण राहू दे."

तो दोरा ओल लागून सडला होता. कोरडा असेपर्यंत धरणार, भिजला की सुटणार. ती समजायचं ते समजली.

"अहो, पकडले जाल."

"पकडतील तेव्हा बघू. आधी तुझा भाऊ वाचू दे."

आयुष्यात त्याने कच्चा टाका घातला नव्हता. आता घालताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं वाकडं झालं. पण साहेबाने बूट दुसरीकडे नेऊ नयेत म्हणून काम मात्र ठरल्या वेळेआधीच पोचतं केलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, निदान आज तरी उशीर करायचा! सगळ्यांना संशय येईल ना."

"छे! साहेब खूश आहे. म्हणतो, शेवटी सुधारलास."

नदीत तळ सुटले. पुढची वाट काट्यांची आणि अणकुचीदार दगडांची. अर्ध्यातून पलटण फिरली आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गल्लीतून परतली. बंदुका होत्या, रुबाब तेवढा वाहून गेला होता. खिडक्याखिडक्यांतून लोक तोंडाला पदर, रुमाल लावून हसत होते.

"जा हो, पळा," ती कधीची विनवत होती.

"मी पळालो तर तुला धरतील. टाका माझा आहे, निस्तरीन मी."

साहेब दुकानात आला तोही अनवाणीच. त्याने तळ नसलेला बूट उद्याशेठपुढे आपटला आणि गरजला, "हा नीट कधी करून देणार?"

उद्याशेठने बूट उचलला, उलटसुलट करून पाहिला, सवयीने मान हलवली.

"उद्या."

अख्खी गल्ली खो खो हसत सुटली. तीही हसली, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना हसली.

त्याच दिवशी चौकीच्या भिंतीशी त्याला गोळी घातली. ती ऊर फुटेपर्यंत रडली. संध्याकाळी निरोप आला की डोंगरावरचं एकूण एक माणूस खिंडीपलीकडे पोचलं. तेव्हा तिने डोळे पुसले. माणूस गेला होता, पण त्याचं काम फुकट गेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला मरेपर्यंत अभिमान वाटला.

धुणं धुणाऱ्या बायकांनी नदीतून तळ वेचून आणले. पलटणीने फेकलेले बूट पोरांनी काट्यांतून गोळा केले. ती नवऱ्याच्या जागी बसली, त्याची सुई हातात धरली. कुणी शिकवलं नव्हतं, पण इतकी वर्षं त्याच्या पाठीशी बसून पाहिलं ते काय कमी होतं?

महिन्याभराने भाऊ लपतछपत आला. बुटांचा ढीग बघून थक्क झाला.

"ताई, आमच्यासाठी? कधी मिळतील?"

शेवटचा दोरा तिने मेणातून दोनदा ओढला.

"तुझे दाजी असते तर उद्या म्हणाले असते. तू आजच घेऊन जा."

तेच बूट घालून बंडखोरांनी नदी ओलांडली आणि ज्या चौकीच्या भिंतीशी उद्याशेठ पडला होता, ती चौकी घेतली. एकाही बुटाचा तळ सुटला नाही.