अडल्याची वही

झाडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका प्रश्नाचे चार पर्याय लिहीत होते. तीन लिहून झाले होते. बरोबर उत्तराचा चौथा पर्याय मी नेहमी शेवटी लिहिते, आणि तो बाकीच्या तिन्हींपेक्षा लांब होऊ नये म्हणून पेन्सिलीनं शब्द मोजते. शब्द मोजता मोजताच फोन उचलला. पलीकडे सरांच्या पत्नी, कुसुमवहिनी होत्या. ‘‘मॅडम, गेले तुमचे सर,’’ एवढंच म्हणाल्या. आजार दोन वर्षांचा होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. पण फोन ठेवल्यावर मी परत खुर्चीत बसले आणि उरलेले शब्द मोजून पुरे केले, हे मात्र खरं. सर असते तर त्यांनी तेच करायला लावलं असतं.

दिनकर झाडे यांच्या कार्डावर ‘मॅनेजर, ऑनलाइन लर्निंग डिझाइन’ असं छापलेलं होतं. वर्धेत ते कार्ड कुणाच्या हातात दिलं की माणूस आधी कार्डाकडे पाही आणि मग सरांच्या पायातल्या चपलांकडे. मॅनेजर म्हटल्यावर लोकांना बँक नाहीतर सूतगिरणी आठवायची. यात डिझाइन ते कशाचं, असं एका लग्नात कुणीतरी विचारलं, तेव्हा वडनेरहून आलेल्या त्यांच्या वडिलांनीच उत्तर दिलं होतं. ‘‘पोरगा काँप्युटरात शाळा बांधते. भिंती नाई, फळा नाई, पण मास्तर आहे.’’ सर लाजले होते. पण पुढे कितीतरी सभांमध्ये त्यांनी आपल्या कामाची ओळख करून देताना वडिलांचंच वाक्य वापरलं, आणि दर वेळी त्यातला शेवटचा तुकडा गाळला. मास्तर दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे म्हणणं त्यांना पुस्तकात सापडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात ते हिंगणघाट तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. शाळेला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला होता. मुख्याध्यापकांनी त्याला फुलाफुलांचं कापड शिवून घेतलं, खोलीला कुलूप घातलं, आणि पोरांनी चपला बाहेर काढून लांबूनच दर्शन घ्यायचं असा नियम केला. सरांनी वर्षभर भांडून किल्ली मिळवली. पहिल्या दिवशी नववीच्या मुली बसवल्या आणि मागे उभे राहून सांगत सुटले... हे दाब, ते दाब, अगं तिथे नाही, इकडे. मधूनच हात पुढे घालून स्वतःच दाबून टाकत. तास झकास झाला. दुसऱ्या दिवशी त्याच मुली यंत्रासमोर बसल्या तर एकीलाही काही येईना. सर चिडले. तेव्हा एक मुलगी न घाबरता म्हणाली, ‘‘सर, सारं तुमीच करून राह्यले, मंग आमी काय शिकावं?’’ सर तिच्या मागे स्टूल ओढून बसले आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. तोंड बंद. चाळीस मिनिटं ती मुलगी चुकत राहिली आणि शेवटी तिला आलं. सर सांगायचे, की त्या चाळीस मिनिटांइतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नाही, शेतातलंसुद्धा.

मी त्यांना पाहिलं ते वर्धेतल्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत, आणि पाहिलं तेव्हा ते हातांवर बसलेलेच होते. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी, म्हणजे आपण ज्यांना सिस्टर म्हणतो त्यांच्यासाठी, आम्ही संगणकावरचे धडे करत होतो. आधी सीड्या निघत. सर त्या पिशवीत घालून एसटीनं गावोगाव पोचवत. पुढे टेलिफोनच्या तारेतून येणारं ते कुंथणारं इंटरनेट आलं आणि धडे त्यावर चढले. धडा कुठलाही असो, सरांची रीत ठरलेली होती. पडद्यावर काय दिसेल ते आधी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढायचं. एका पत्रिकेवर एकच गोष्ट. मग धडा कच्चा तयार झाला की एका खऱ्या सिस्टरला बोलवायचं, चहा पाजायचा, यंत्रासमोर बसवायचं, आणि आपण तिच्या मागे स्टुलावर. ज्यानं धडा केला त्यानं बोलायचं नाही. ती थांबली, गोंधळली, पदराशी चाळा करू लागली, की सर एक हात सोडवत, मांडीवरच्या वहीत दोन शब्द टिपत, आणि हात पुन्हा जागेवर. त्या वहीला आम्ही ‘अडल्याची वही’ म्हणत असू. शिकणारी कुठं अडली, एवढंच त्यात लिहिलेलं असे. का अडली ते ती गेल्यावर आम्ही शोधायचं. आणि कारण तिच्यात सापडलं तर पुन्हा शोधायचं.

मी मुळात शाळेत मराठी शिकवणारी. धड्यांची भाषा माझ्याकडे होती आणि तिचा मला चांगलाच तोरा होता. माझं वाक्य कुणी कापलं की मला दिवसभर जेवण गोड लागत नसे. सर माझा मजकूर उभे राहून मोठ्यानं वाचत आणि मधेच थांबून शांतपणे विचारत, ‘‘मॅडम, हे वाक्य कोणाले शिकवते?’’ बस्स. मी वाक्य खोडत असे आणि मनात त्यांना चार शब्द सुनावत असे. त्यांनी कधी तोंडभरून कौतुक केलं असेल तर मला आठवत नाही. कडू माणूस नव्हे, पण साखर वाटायची त्यांना सवयच नव्हती.

मग तो जुलाबांचा अभ्यासक्रम आला. लहान मुलाला जुलाब लागले तर सिस्टरनं काय पाहायचं, जलसंजीवनीचं पाकीट कसं कालवायचं, कधी दवाखान्यात धाडायचं... वीस धडे आणि शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा. सगळं पहिल्यांदाच पूर्णपणे ऑनलाइन. हा अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत सुरू झाला तरच आम्हाला पैसा पुरवणारी दिल्लीची संस्था आमचा विभाग पुढे चालू ठेवणार होती. आम्ही सहा जण होतो, सहाही जणांची घरं त्यावर होती. त्यात सर महिनाभर आजारी पडले. मुदत तोंडावर आली. मी हुशारी केली. परीक्षा चालवून पाहायला सिस्टर कशाला, म्हणून ऑफिसातल्याच मंडळींना बसवलं. सगळे भराभर पास झाले, अडल्याच्या वहीत एक ओळ उमटली नाही, आणि आम्ही अभ्यासक्रम सुरू करून टाकला. दोन महिन्यांत निकाल आला. झाडून साऱ्या सिस्टर उत्तम गुणांनी पास. दिल्लीहून अभिनंदनाचं पत्र आलं. मी ते फ्रेम करावं अशा बेतात होते.

सरांना मात्र चैन पडेना. वहीचं ते कोरं पान ते उलटसुलट पाहत राहिले. शेवटी त्यांनी पवनारकडच्या मंदा सिस्टरना बोलावून घेतलं. चहा झाला, सर हातांवर बसले, मी बाजूला. बाईंनी वीस प्रश्न पाच मिनिटांत सोडवले, सगळे बरोबर. सरांनी विचारलं, एवढ्या लवकर वाचून होतं का? बाई जरा ओशाळल्या. ‘‘खरं सांगू सर? वाचलंच नाई. जे उत्तर लांब, तेच बरोबर असते. आमच्या साऱ्याजणींले माहीत आहे.’’

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. कारण ती करामत माझी होती. बरोबर उत्तर चुकूनही अर्धवट वाटू नये म्हणून मी ते सगळ्या अटी-शर्तींसह, शुद्ध आणि भरगच्च लिहिलं होतं. चुकीची तीन मात्र तोडून टाकल्यासारखी. माझ्या चांगल्या मराठीनंच उत्तरं फोडली होती. ऑफिसातल्या मंडळींना विषय ठाऊक होता, त्यामुळे त्यांना ते दिसलंच नाही. सर उठले, मंदा सिस्टरना हात जोडले, त्यांना बसस्टँडपर्यंत सोडून आले. परत येऊन म्हणाले की अभ्यासक्रम आजच बंद करायचा.

मी भांडले. खोटं कशाला सांगू, आवाज चढवून भांडले. पुढच्या तुकडीपासून प्रश्न बदलू, गाजावाजा कशाला, सहा जणांच्या पोटावर पाय का देता... सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘मॅडम, वडनेरात माह्या भावाची नात आहे, दीड वर्षांची. तिले जुलाब लागले अन् आपली पास झालेली सिस्टर घरी गेली, तं ते पाणी कसं कालवन? तिथं चार पर्याय लिहून कोण देते?’’ त्या रागानं मी दोन दिवस त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही, आणि त्यांनी दोन्ही दिवस माझा कप झाकून ठेवला.

दिल्लीला आम्ही दोघं गेलो. तिथल्या बैठकीत त्यांचे एक वरिष्ठ अधिकारी होते, दक्षिणेकडचे, ज्यांना देवनागरी अक्षरओळख नव्हती. सगळे पास असताना अभ्यासक्रम बंद का केला, असं त्यांनी जरा कडकपणे विचारलं. सरांनी स्पष्टीकरण दिलं नाही. त्यांना नम्रपणे संगणकासमोर बसवलं, सर्वांत लांब ओळ निवडत जा एवढं सांगितलं, आणि मागे एक खुर्ची ओढून हात मांड्यांखाली घेतले. साहेबांनी मराठीतली जुलाबांची परीक्षा दिली, लांबीचा अंदाज दोनदाच चुकला, आणि वीसपैकी अठरा मिळवून ते उत्तीर्ण झाले. पडद्यावर अभिनंदनाची फुलं पडली, तीही माझीच कल्पना. आधी साहेबच हसायला लागले. तीन महिन्यांची मुदत आम्हाला तिथंच मिळाली. परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसून भेळ खात होते आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागत होते. मोठ्यानं मागितली असती तर बरं झालं असतं... ते राहिलंच.

त्या तीन महिन्यांइतकं काम मी पुन्हा केलेलं नाही. चार पर्यायांच्या जागी सरांनी पडद्यावर पातेलं, पाकीट, लिटरची बाटली आणि घड्याळ ठेवलं. सांगायचं काही नाही, करून दाखवायचं. पाणी कमी घेतलं तर पुढं सरकणार नाही. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरलं तर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी निम्म्या सिस्टर पहिल्या फेरीत नापास झाल्या. मंदा सिस्टर तिसऱ्या खेपेला पास झाल्या आणि मुद्दाम पेढे घेऊन आल्या. अडल्याच्या वहीची अख्खी पानं भरली. सरांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं. आमचा विभाग टिकला, आजही आहे.

तेरवी झाल्यावर आठवड्यानं वहिनींचा निरोप आला, की सरांच्या मेलमध्ये सांत्वनाची पत्रं येऊन पडली आहेत, ती दाखवायला या. गेले. टेबलाशी त्यांची खुर्ची होती, मागे ते स्टूल. माझ्यासाठी वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. मी माऊसला हात घातलाच होता, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘सारा जिल्हा शिकवला यायनं, मीच राह्यली.’’ तक्रार नव्हती त्यात, सांगणं होतं. मी उठले. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागे स्टुलावर बसले.

पहिलं पत्र उघडायलाच त्यांना पाव तास लागला. माझे हात शिवशिवत होते, शेवटी मांड्यांखाली दाबले. ते पत्र मंदा सिस्टरचं होतं, बदलीच्या गावातल्या इंटरनेट कॅफेतून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, हिला उत्तर मी लिहिते. एकेक अक्षर शोधत त्यांनी तीन ओळी लिहिल्या. त्या तीन ओळींच्या खाली सरांची सही आपोआप आलेली होती, ती त्यांना आता दिसली. दिनकर झाडे, मॅनेजर, ऑनलाइन लर्निंग डिझाइन.

वहिनी अडल्या.

ते कसं खोडायचं हे मला ठाऊक होतं. दोन बटणांचं काम. ओठांवर आलं, आणि सरांनी हातांवर बसून इतकी वर्षं काय गिळलं असेल ते मला त्या घटकेला कळलं. मी गप्प राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली. वहिनींनी डोळे पुसले, बाण हळूहळू वर नेला, सहीच्या वरची रिकामी ओळ शोधली आणि तिथं आपलं नाव टाइप केलं. कुसुम. खालचं तसंच राहू दिलं. मग मला न विचारता त्यांनी पत्र पाठवून दिलं.

अडल्याची वही टेबलावरच होती. मी एक हात सोडवला, तारीख घातली, आणि वहिनी कुठं अडल्या ते लिहिलं. का, ते शोधायची गरज नव्हती.