जोगळेकर मॅडमची चीड

पुण्याच्या हॉस्टेलवर फोन आला. वर्गमित्र संदेश रत्नागिरीहून बोलत होता. "जोगळेकर मॅडम गेल्या रे..." मी विचारलं, "कुठे?" विचारून झाल्यावर मला समजलं. आता महिना होत आला, तरी त्या कुठल्यातरी डोंगरात झाडं बघायला गेल्यात असंच वाटत राहतं.

रत्नागिरीला आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी हिमाचलात चिडाच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, झाडांवर संशोधन केलं होतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून परतल्या आणि इथल्याच झाल्या. येताना चिडाच्या खोडाची एक चकती घेऊन आल्या होत्या, जेवणाच्या ताटाएवढी. आमच्या पहिल्याच तासाला म्हणाल्या, "आज तुम्हाला माझी चीड दाखवते." मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "कोणाची आली, मॅडम?" सगळ्यांत जास्त त्याच हसल्या. मग चकतीवर पॉलिशपेपर घासून त्यांनी ती वर्गभर फिरवली. आधी वास घ्यायचा, वही नंतर उघडायची, हा त्यांचा नियम. साल पोखरणारा भुंगेरा आला तर जागचं न हलणारं झाड काय करेल, असं त्यांनी विचारलं. मी पोफळी गावच्या वरच्या वाडीतला. आमच्या आंब्याला भिरूड लागला, खोड पोखरू लागला, की डिंक गळतो. मी चाचरत म्हणालो, "मॅडम, झाड रडतं." आमच्याकडे तसंच म्हणतात... वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "रडतंय, की किड्याला बाहेर ढकलतंय, ते बघू या," म्हणाल्या, आणि तो सगळा तास चिडाच्या राळेवर गेला.

दुसऱ्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नापास म्हणजे नेमकं काय, हे घरी समजावूनही सांगता येईना. चुलतभाऊ मुंबईत कामाला लावायला तयार होता. ट्रंक भरली, लायब्ररीची पुस्तकं परत केली आणि मॅडमना सांगायला गेलो. त्या 'जाऊ नको' म्हणाल्या नाहीत. चकती पुढ्यात ओढून त्यांनी रुंद वर्तुळांवरचं बोट बारीक वर्तुळांवर आणलं. ही कमी पावसाची वर्षं, म्हणाल्या. पाणी थोडं कमी पडलं की वाढ आधी मंदावते, पण पानं साखर करतच राहतात. वाढीला न लागलेली ती साखर राळ बनवायला मिळते. भिंगातून त्यांनी मला त्या बारीक वर्तुळांतले राळेचे ठिपके दाखवले.

"म्हणजे दुष्काळ चांगला?" मी विचारलं.

"खुळा आहेस. थोडा ताण असेल तर झाड राळ करतं. उन्हाळा लांबला, फार ताण पडला, की साखरच होत नाही. राळ आटते, भुंगेरा आत शिरतो आणि उभं झाड जातं." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जेवलास काय?"

नव्हतो जेवलो. निकाल लागल्यापासून धड जेवलोच नव्हतो. त्यांनी डबा उघडून घावनं माझ्यापुढे सरकवली. ती संपू दिली. मग म्हणाल्या, "आता ठरव." मी खोलीवर जाऊन ट्रंक रिकामी केली आणि ऑक्टोबरात पेपर पुन्हा दिला.

आता एम.एस्सी. संपेल, आणि मी हिमाचलात त्याच झाडांवर काम करायला जाणार आहे. हे त्यांना सांगायचं राहिलं... मागच्या आठवड्यात रत्नागिरीला आलो, तर त्यांची राहिलेली प्रात्यक्षिकं घेशील का, असं कॉलेजने विचारलं. मी हो म्हणालो. चकती प्रयोगशाळेच्या खिडकीत होती, मळलेली. खाली पॉलिशपेपर घडी करून ठेवलेला. इतक्या वर्षांत वास उडाला असेल, असं वाटलं होतं. घासल्यावर आला.

वर्गात फिरत फिरत चकती बुरोंडी बंदरावरच्या एका मुलीपाशी पोचली. ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या होडीचा वास येतो याला." वर्ग हसला. तिने मान खाली घातली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "होडीला लावतात ती राळ अशाच झाडांची. पाणी आत येऊ नये म्हणून आपण लावतो, किडा आत येऊ नये म्हणून झाड. तुमच्याकडे कशी लावतात, सांग."

ती उभी राहून सांगू लागली. ऐकता ऐकता मी पॉलिशपेपरची पुन्हा घडी घातली. अगदी झिजलाय. जायच्या आधी नवा आणून ठेवायला हवा.