दुसऱ्या पान्याचा मान

चाचींच्या हातून बांगडी फुटली, असं पौडच्या पेठेत कधी कुणी सांगितलं नाही. मनगट कितीही भरलेलं असो, त्या पंजा असा दाबायच्या की बाई 'आई गं' म्हणेपर्यंत हिरव्यागार बांगड्या आत गेलेल्या असायच्या. "हात ढिला सोड गं, मी काय कापून न्हेत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि याच हातांनी त्या दुकानांच्या शटरची तुटलेली स्प्रिंग बदलायच्या. त्या कामाला जोडीला दुसरं माणूस लागतं. त्यासाठी त्या दर वेळी माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, हाक मारायच्या. मला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चाचींबद्दल कितीही मायेनं बोलले तरी माझ्या पोटात काय दुखत होतं ते तुम्हाला माहीत असेल.

पूर्वी पेठेतली दुकानं फळ्या लावून बंद व्हायची. मग एकेकानं लोखंडी शटरं बसवून घेतली. ती बसवायचे चाचींचे यजमान. पेठ त्यांना चाचा म्हणायची. पुण्याला एका शटरवाल्याकडे राहून ते काम शिकून आले होते. चाचा एक पाना धरायचे, चाची दुसरा. पुढे चाचा तापानं गेले आणि चाचींनी बांगड्यांचं दुकान चालू ठेवलं तसं हे कामही चालू ठेवलं. बांगड्यांच्या डब्यांमागे खिळ्याला नव्या स्प्रिंगा टांगलेल्या असायच्या. बाईमाणूस शिडीवर चढतंय म्हणून सुरुवातीला काहीजण हसले. पण आपलंच शटर अर्ध्यावर अडकल्यावर हसणारे निमूट शिडी धरायला आले.

चाची गरीब गाय वगैरे नव्हत्या. डोळ्यांत सुरमा, तोंडात पान, आणि शिडीवर चढल्या की सगळी पेठ त्यांची. "म्होरं हुबं ऱ्हाऊ नगा! बाजूला व्हा, बाजूला! तोंड फुटल्यावर माज्या नावानं बोंबलू नगा." शटरच्या वर जो पाइप असतो त्याच्यात स्प्रिंगा असतात, आणि पाइप फिरवून त्यांना ताण दिलेला असतो. एक तुटली तरी दुसरीत जोर असतोच. म्हणून आधी शटर उचलून त्याला टेकू द्यायचे, दोरानं बांधायचं, मग थोडा थोडा करत सगळा ताण उतरवायचा, आणि त्यानंतरच स्प्रिंगला हात लावायचा. "तुटली म्हंजी मेली न्हाई," चाची सांगायच्या. "पिसाळल्याली हाय ती."

ताण उतरवताना आणि परत चढवताना पाइपला दोन पाने लागतात. एकीनं पाना फिरवून दाबून धरायचा, तोवर दुसरीनं आपला पाना काढून नव्यानं लावायचा. दुसरी "धरला" म्हणाली की पहिलीनं सोडायचं. दुसरा एक शब्द बोलायचा नाही. आणि हातात बांगडी ठेवायची नाही, कारण काच फुटून टोचली की हात आपोआप सुटतो आणि पाना उलटा फिरून तोंड फोडतो. आता सवाष्णीनं हात मोकळे कसे ठेवायचे? त्यावर चाचींनी तोड काढली होती. त्या सुमनच्या बांगड्या उतरवून मनगटाला हिरवा दोरा बांधायच्या, आणि काम झालं की तिला समोर बसवून नव्याकोऱ्या बांगड्या भरायच्या.

माझं खरं दुखणं त्या बांगड्या होत्या. विकतच्या बांगड्या मीही चाचींकडूनच भरत होते. पण या कामाच्या बांगड्या वेगळ्या. कुणाचं तरी शटर दुरुस्त करून सुमन घरी यायची आणि मग भाकरी थापताना, धुणं आपटताना, पोराला थोपटताना तिच्या हातांचा नुसता किणकिणाट. ती मुद्दाम वाजवते असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बांगड्या हायेत, वाजनारच की." या माणसाला काय सांगायचं? घरची थोरली मी. अंगानं दणकट मी. विहिरीवरून दोन-दोन हंडे आणणारी मी. आणि मान त्या काडीच्या हाताच्या पोरीला.

एकदा सुमन चांद्याला माहेरी गेली होती, दुसऱ्या बाळंतपणाला. नेमकी तेव्हाच, बाजारच्या दिवशी सकाळी, आमच्याच किराणा दुकानाच्या शटरची स्प्रिंग तुटली. नवरा कपाळाला हात लावून बसला. मला मात्र इतका आनंद झाला की तो लपवायला मी घरात पळाले. चाची आल्या, त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"सुमन कुटं हाय?"

"माहेरी. मी हाय की, चाची."

त्यांनी माझा हात हातात घेतला, बांगडी भरताना दाबतात तसा दाबला. "ढिला सोड." मी सोडला. म्हणजे मला वाटलं सोडला. चाची म्हणाल्या, "ए थोरले, तुजा हात माज्यासंगं भांडतोय." पण बाजार तोंडावर होता. त्यांनी माझ्या बांगड्या उतरवल्या आणि हिरवा दोरा बांधला. तो दोरा बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

चौघांनी शटर उचलून बांधलं. चाची वर चढल्या. मी शिडीशेजारच्या लाकडी घोड्यावर चढणार तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. सुमन बाहेर लोकांच्या दुकानांत काय करते ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. इथं मात्र काम त्यांच्याच उंबऱ्यावर होतं. "दादला जित्ता असताना भुंडा हात? निदान एक तरी ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्यांनी एक बांगडी माझ्या हातात सरकवली. त्यांच्यापुढे मला तोंड उघडता येईना, आणि चाचींची माझ्याकडे पाठ होती.

ताण उतरला, तुटकी स्प्रिंग निघाली, नवी बसली. ताण परत चढवत असताना मी पाना दाबून धरला आणि ती बांगडी मनगट आणि पान्याच्या मध्ये सापडून फुटली. काच खोल रुतली. कोपरापर्यंत रक्त आलं, चोळीची बाही भिजली. चाचींनी ते बघितलं. शांतपणे आपला पाना लावला आणि म्हणाल्या, "धरला." मी काही सोडेना. "आगं धरला, सोड आता!" तेव्हा कुठे माझी बोटं उघडली.

खाली उतरल्यावर त्यांनी आधी सासूबाईंना झाडलं, मग माझ्या जखमेत हळद भरली, फडकं बांधलं. मी नव्या बांगड्यांची वाट बघत बसले होते. चाची म्हणाल्या, "जखम भरंस्तवर ह्या हातात बांगडी न्हाई." आणि जखम भरेपर्यंत सुमन बाळ घेऊन परत आली. पुढचं शटर पुन्हा सुमननंच केलं.

मला राहवलं नाही. सरळ दुकानात जाऊन विचारलं, "चाची, माज्यात काय कमी हाय?"

त्या पानाला चुना लावत होत्या. "कमी न्हाई गं, जास्त हाय. सुमन सोड म्हनलं की सोडती. तुला दोनदा सांगावं लागतं." एवढंच. माझा हात कापला त्याचं काहीच नाही. मी चार दिवस त्यांच्या दुकानावरून गेले नाही. मागच्या बोळानं गेले.

मग एके दिवशी चाची मिरजेला लेकीकडे कायमच्या निघाल्या. दुकान आवरलं. आम्हा दोघींना बोलावून घेतलं, मोठा पाना सुमनच्या हातात दिला, लहान माझ्या. मोठा सुमनला! "एकटीनं शटरला हात लावायचा न्हाई. भांडान झालं आसंल तर आदी मिटवायचं, मंग शिडी." मग त्यांनी आम्हा दोघींना बांगड्या भरल्या. आधी मला. माझे डोळे वाहत होते, त्यात हात कधी ढिला पडला ते मला कळलंच नाही.

त्यानंतर पेठेतली शटरं आम्ही दोघींनी केली, अबोला धरूनसुद्धा केली. "धरला" एवढ्या एका शब्दावर.

मिरजेहून चाची वारल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही दुकानात तांदूळ निवडत होतो. मी सुपातला एक खडा काढून टाकला. मग मी विचारलं, "सुमन, तुला त्यांनी कामाच्या बांगड्या किती येळा भरल्या असतील गं?"

"कुनी मोजल्यात, आक्का?"

मी मोजलं होतं. मला एकदाच, त्या निघाल्या तेव्हा.

सुमननं डोळे पुसले. "निगताना चाची मला म्हनल्या हुत्या, थोरलीच्या हातातनं रगत गळत हुतं तरी तिनं पाना सोडला न्हाई. चाचांनीबी सोडला असता, म्हनल्या. ती जोडीला आसंल तवर भिऊ नगंस म्हनल्या."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं, आणि तेसुद्धा चाचींनी सुमनलाच सांगितलं होतं.