मावशींचं भोकाड

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलून सोलून मावशींची वीस वर्षं गेली, पण त्यांचा जीव खरा रमायचा तो वर्षातून एकदाच, आठ वर्षांचं मूल होऊन भोकाड पसरण्यात. लांब डोंगरात भरणाऱ्या उन्हाळी शिबिरांत ताई-दादा व्हायला निघालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना इथे सहा दिवस शिकवलं जायचं. शेवटच्या दिवशी परीक्षा असायची. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला, म्हणजे मावशींना, प्रत्येकाने दहा मिनिटांत शांत करायचं. पास-नापास मावशी ठरवायच्या. प्रमुख बाई फक्त घड्याळ धरून बसायच्या.

आणि मावशी पक्क्या द्वाड. एप्रन काढायचा, केसांच्या दोन शेंड्या बांधायच्या आणि खाटेखाली शिरायचं; मग बाहेर यायचं नाव नाही. मागच्या वर्षी एक धिप्पाड पोरगा वहीतले मुद्दे वाचून दाखवायला लागला, तर त्यांनी वही हिसकावली आणि तिच्यावरच बसकण मारली. एकीने चॉकलेट दिलं. मावशींनी ते खाल्लं, दुसरं मागितलं, तेही खाल्लं आणि पुन्हा गळा काढला. शेवटी ती पोरगीच रडायला लागली.

यंदा मात्र परीक्षेला त्यांची लेक होती. घरात दोघीच. ती पास झाली तर दोन महिने डोंगरात राहणार, आणि मावशींना हे अजिबात नको होतं. तसं तोंडाने म्हणायची सोय नव्हती, कारण अर्ज त्यांनीच हौसेने भरून दिला होता. म्हणून त्यांनी गुपचूप बेत केला की पोरीला नापास करायचं. बेत सोपा होता. न पाळता येणारा शब्द मुलाला द्यायचा नाही, हा शिबिराचा पहिला नियम. आणि आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लेक वाट्टेल ते कबूल करायची.

लेक आली. हाका नाहीत, लाडीगोडी नाही. सरळ जमिनीवर पालथी पडली आणि सरपटत खाटेखाली मावशींच्या शेजारी आली.

"केवढी धूळ आहे इथे! झाडतं कोण?"

उत्तर मावशींच्या जिभेवर आलं होतं, पण आठ वर्षांच्या मुलाला झाडूवाल्याची तक्रार करता येईना. त्यांनी मोठ्याने सूर लावला, "मला घरी जायचंय!"

"हं. घरी कोण आहे?"

दरवर्षी इथे 'आई' म्हणायचं ठरलेलं होतं. यंदा तोंडून निघालं, "कोणीच नाही."

मावशी स्वतःच दचकल्या, पण आता मागे फिरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"तू नको ना जाऊ," त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "जाणार नाही म्हण. म्हण ना!"

एवढ्या जवळून लेकीचे भरलेले डोळे स्पष्ट दिसत होते. झालं, फसली, असं मावशींना वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

"नाही म्हणणार," लेक हळूच म्हणाली. "मी जाणार आहे. दर रविवारी फोन करीन, तेवढं नक्की. रोजचं कबूल करत नाही, जमणार नाही. तुला रडायचंय तर रड. अजून तीन मिनिटं मी इथेच आहे."

मावशी रडल्या. पूर्ण तीन मिनिटं, काहीही न खाता.

मग बाहेर येऊन त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं, इतकं दाबून की खालच्या पानावरही उमटलं. लेक नाक पुसत बाहेर गेली. प्रमुख बाई तर थक्कच झाल्या होत्या. "मावशी, आज कमाल केलीत! चहा घेऊन या जरा, पुढच्याला थांबवते."

"नको," मावशी पुन्हा खाटेखाली शिरत म्हणाल्या. "पाठवा त्याला. माझं अजून रडून व्हायचंय."